उजव्या दाराशी

आमच्या ह्यांना मोटारींचं वेड होतं आणि मोटार जन्मात कधी घेतली नाही. एक स्कूटर होती, ती थंडीत सुरू व्हायची नाही, आणि लखनौची थंडी काय असते ते तिथे राहिलेल्यालाच ठाऊक. पण रविवारची सकाळ झाली की हे गृहस्थ कानटोपी चढवून सायकलरिक्षानं हजरतगंजला इंग्रजी सिनेमाला जाणार म्हणजे जाणार. घरी आल्यावर गोष्ट विचारली तर धड सांगता यायची नाही. खून कोणी केला, लग्न कोणाशी झालं, सगळा आनंद. पण नायकाची गाडी कुठल्या सालची, तिचे मागचे दिवे कसे होते आणि दार लावताना आवाज कसा आला, हे मात्र मला स्वयंपाकघराच्या दारावर करून दाखवायचे.

आम्ही मूळचे साताऱ्याचे. हे, म्हणजे चंद्रशेखर, एकोणसाठ साली लखनौच्या एका संशोधन संस्थेत लागले. औषधी झाडांच्या मुळांवर त्यांचं काम. मी मुलींच्या शाळेत गणित शिकवायचे. संस्थेच्या कॉलनीत दोन खोल्या, पुढे व्हरांडा, मागे छोटं अंगण. एकुलती एक मुलगी विनया. ती दहा वर्षांची झाल्यापासून बापाबरोबर त्या रविवारच्या सिनेमांना जायला लागली आणि घरात एकाचे दोन वेडे झाले.

ह्यांचा एक सिद्धान्त होता. अमेरिकन माणसाचं घर नुसतं झोपण्यापुरतं असतं, जगतो तो गाडीत, असं ते म्हणायचे. प्रेम गाडीत जमतं, भांडण गाडीत होतं, वाईट बातमी गाडीतल्या रेडिओवर कळते, पळून जायचं तर गाडी आणि परत यायचं तरी गाडी. मुलगा सोळा वर्षांचा झाला की बाप त्याच्या हातात किल्ली देतो, तीच त्याची मुंज. मी एकदा विचारलं, की मग त्यांच्या बायका स्वयंपाक कुठे करतात, डिकीत का? त्यावर बापलेक दोघं माझ्याकडे असे बघायला लागले, की मी पुन्हा त्या विषयात तोंड घातलं नाही.

एकोणऐंशीच्या मार्चमध्ये विनयाची एम.एस्सी. संपत आली होती, तेव्हा साताऱ्याहून माझा भाऊ पंढरीनाथ यानं एक स्थळ सुचवलं. मुलगा कोल्हापूरचा, नाव धनंजय, ओहायोत इंजिनियर. सोबत फोटो होता. त्या काळी अमेरिकेतल्या मुलाचा फोटो गाडीशिवाय यायचाच नाही. त्याआधी आमच्याकडे तीन स्थळं येऊन गेली होती. एक बॉनेटवर बसलेला, एक छपरावर कोपर टेकलेला आणि एकाची तर गाडीच जास्त दिसत होती, मुलगा कोपऱ्यात. ह्या धनंजयचा फोटो त्यामानानं साधा होता. मागे बर्फ, लांबलचक निळी गाडी आणि तिच्या उजव्या बाजूच्या पुढच्या दाराच्या कडीवर हात ठेवून उभा असलेला उंच मुलगा. हसतही होता थोडा.

मला तो पाहताक्षणी पटला. मी म्हटलं, "बघा, ड्रायव्हरच्या दाराशी उभा आहे. गाडी स्वतः चालवतो. उगाच बॉनेटवर चढून बसलेला नाही."

ह्यांनी फोटो हातात घेतला आणि बराच वेळ पाहत राहिले. मग मुळं बघायचं भिंग आणून त्यातून पाहिला. विनयाही त्यांच्या खांद्यावरून वाकून पाहत होती. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मी म्हटलं, आता गाडीचं साल सांगू नका, मुलगा कसा वाटतो ते सांगा. हे म्हणाले, "मुलगा सरळ वाटतो." आणि फोटो मला परत दिला.

मग काय, तो फोटो माझ्या पर्समध्येच असायचा. कॉलनीतल्या मालिनीबाईंना दाखवला, शाळेत दाखवला, छावणीतल्या कर्नल जयसिंग यांच्या बायकोला, प्रतिमाला, दाखवला. प्रत्येकीला मी ड्रायव्हरच्या दारावर बोट ठेवून सांगितलं. डिसेंबरात साताऱ्याला लग्न लागलं आणि विनया ओहायोला गेली.

तिकडून तिची पत्रं यायची, अधूनमधून फोटो यायचे. सहाएक महिन्यांनी तिनं लिहिलं, की आई, मी गाडी शिकले. मी उलट टपाली कळवलं, की हौस म्हणून ठीक आहे, पण उठल्यासुटल्या चालवत जाऊ नकोस, जावईबापूंना कमीपणा येतो. त्यानंतर तिनं गाडीचा विषय पत्रात काढला नाही. फोटोंत मात्र दोघं गाडीत दिसायचे, ती डाव्या सीटवर आणि तो उजव्या. मी समाधानानं सगळ्यांना सांगायचे, हे बघा, धनंजयराव चालवतायत आणि आमची विनया शेजारी बसलीय.

त्र्याऐंशीच्या जानेवारीत दोघं पहिल्यांदाच तीन आठवड्यांसाठी आली. चारबाग स्टेशनवर गाडी पाच तास उशिरा आली आणि तरी जावई हसत उतरला. बोलणं मोजकं, पण मोकळं. एकच गोष्ट मला खटकायला लागली. सकाळी चहा झाला की हा गृहस्थ बाहेर. एकटा. रिक्षात बसून अमीनाबादला जायचा, तिथून चौक नावाच्या जुन्या वस्तीत पायी, एकदा तर आलमबागच्या बसस्टँडवर नुसता बाकावर बसून आला. का, तर बसगाड्या बघत होतो म्हणे. बायकोला बरोबर न्यायचा नाही आणि विनयाही काही म्हणायची नाही. घरी येताना कधी पेरू, कधी तिळाची गजक, कधी नुसताच हसरा चेहरा. मला वाटायचं, अमेरिकेतून आलेल्या माणसानं रिक्षातून हिंडावं हे बरं नव्हे. लोक काय म्हणतील?

म्हणून मी एक बेत केला. महाराष्ट्र समाजाचं संक्रांतीचं हळदीकुंकू त्या शुक्रवारी होतं. मी प्रतिमाला परस्पर निरोप पाठवून कर्नलसाहेबांची अँबॅसडर मागून घेतली. तिनं विचारलं, गाडीबरोबर हवालदार देऊ का चालवायला? मी म्हटलं, हवालदार कशाला, आमचे जावई आहेत ना. घरात कोणाला पत्ता लागू दिला नाही. हे नेहमीप्रमाणे प्रयोगशाळेत होते.

शुक्रवारी चार वाजता हवालदार हणमंत गाडी घेऊन दारात आला आणि किल्ली माझ्या हातात दिली. तो आमच्याच साताऱ्याकडचा. मालिनीबाई आणि आणखी दोघी आमच्याबरोबर येणार होत्या, त्या नटूनथटून फाटकाशी उभ्या. मी किल्ली धनंजयरावांच्या हातात ठेवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "चला, आज तुम्ही न्या आम्हाला."

त्याचा चेहरा मला तेव्हा नीट वाचता आला नाही. तो काही बोलणार होता, पण एवढ्या बायका बघून गप्प बसला. विनया घाईनं पुढे झाली आणि डावीकडच्या पुढच्या दारानं आत बसली. तो उजवीकडे गेला, दार उघडलं, आत वाकला आणि स्टिअरिंग समोर बघून चटका बसल्यासारखा मागे आला. विनयाच्याही तेव्हाच लक्षात आलं. ती उतरली, गाडीला वळसा घालून त्याच्याजवळ आली, त्याच्या हातातून किल्ली घेतली आणि चालकाच्या जागेवर बसली. तो डावीकडे जाऊन बसला.

मी मागच्या सीटवर, बाजूला मालिनीबाई आणि दोघी. गाडीनं गचका खाल्ला आणि बंद पडली. पुन्हा सुरू केली, पुन्हा गचका. तिकडच्या बहुतेक गाड्यांना क्लच नसतो हे मला नंतर कळलं. तिसऱ्यांदा फाटकाच्या खांबाशी थांबली तेव्हा हणमंत धावत आला आणि अदबीनं म्हणाला, "ताई, आपण जरा पलीकडं सरका, मी नेतो." मालिनीबाईंनी मला विचारलं, की जावयांना गाडी चालवायची नाही का? मी म्हटलं, प्रवासानं दमलेत. त्या म्हणाल्या, येऊन दहा दिवस झाले की.

त्या हळदीकुंकवात मी कोणाला काय वाण दिलं ते मला आठवत नाही. हसून हसून माझे गाल दुखले तेवढं आठवतं.

घरी आलो तेव्हा हेही प्रयोगशाळेतून आले होते. मी शालही न काढता विचारलं, "धनंजयराव, तुम्हाला गाडी येते की नाही?"

विनया मध्ये पडली. रागावली की ती हिंदीवर जाते, लखनौत वाढलेली ना. "आई, छोड़ो ना, बात क्या है इसमें," म्हणाली. पण त्यानं तिला हातानं थांबवलं आणि समोरच्या खुर्चीत नीट बसला.

"येत होती," तो म्हणाला. "अमेरिकेत गेल्यावर दुसऱ्याच वर्षी मला फिट आली, आई. मग आणखी एक. औषध चालू आहे, वर्षा-दोन वर्षांत एखादी येते. आधी कळतं, खाली बसायला वेळ मिळतो. पण तेवढ्या वेळात गाडी थांबेलच असं नाही. म्हणून मी लायसन्स परत दिलं."

मी म्हटलं, "मग तो फोटो? ड्रायव्हरच्या दाराला हात लावून उभे होतात तो?"

तो जरा गोंधळला. मग म्हणाला, "ते ड्रायव्हरचं दार नव्हतं. तिकडे चालवणारा डावीकडे बसतो. गाडी माझी होती, चालवायचा माझा रूममेट. मी माझ्या जागेशी उभा होतो."

चोवीस वर्षं अमेरिकन सिनेमे पाहणारा माणूस माझ्या घरात होता. मी वळून ह्यांच्याकडे पाहिलं. हे चष्मा पुसत होते. हा माणूस काहीतरी लपवायचं असलं की चष्मा पुसतो.

मग सगळं बाहेर आलं. ह्यांनी फोटो पाहताच ओळखलं होतं. गाडीचा मालक आपल्या दाराशी उभा राहील, शेजारच्याच्या दाराशी कशाला, असं त्यांच्या मनात आलं. त्यांनी संस्थेच्या पत्त्यावरून धनंजयला पत्र लिहून सरळ विचारलं. त्यानं चार पानी उत्तर पाठवलं, काही हातचं न राखता. डॉक्टरचा कागदही जोडला होता. ह्यांनी ते विनयाच्या हातात दिलं आणि निर्णय तुझा, म्हणाले. तिनं दोन दिवस घेतले आणि स्वतःच त्याला लिहिलं, की मला गाडी शिकायचीच होती.

म्हणजे तिघांना ठाऊक होतं आणि मी एकटी तो फोटो गावभर मिरवत होते. मला रडू आलं ते त्याच्या फिटचं नव्हे, हे मी खरं सांगते. मला माझ्याच घरात बाहेरची ठेवल्याचं आलं. मी ह्यांना विचारलं, मला का नाही सांगितलं? हे म्हणाले, "तू नाही म्हणाली असतीस, वसुधा." आणि ते खरं होतं. मी नाहीच म्हणाले असते. वर पंढरीनाथला चार शब्द सुनावले असते आणि चांगलं घर सुटलं याची हळहळही वाटली नसती. खरं बोलणाऱ्या माणसावर रागावणं फार अवघड असतं, म्हणून मी दोन दिवस तिघांवरही अबोला धरला. जावयाला जेवायला वाढायचे, पण विनयाकडे बघून.

त्या दोन दिवसांत तो बाहेरही गेला नाही. व्हरांड्यात बसून असायचा. तेही मला टोचायला लागलं.

रविवारी सकाळी ह्यांनी कानटोपी घातली आणि मला म्हणाले, आज तू चल. इतक्या वर्षांत मी एकदाही गेले नव्हते. विनया म्हणाली, जा आई, मी बघते घरातलं. मी नाही म्हणणार होते, पण घरात बसून तरी काय करणार? गेले. लोकरीचं विणकाम बरोबर घेतलं आणि अंधार होताच ते काही दिसेना, म्हणून नाइलाजानं सिनेमा पाहिला.

गोष्ट अशी खास नव्हती. एक नवराबायको, त्यांचं भांडण, समेट, पुन्हा भांडण. इंग्रजी ते इतकं तोंडातल्या तोंडात बोलत होते, की माझ्या पदरी निम्मंच पडलं. पण एक गोष्ट मला दिसायला लागली. नवरा रागावला, भिंतीवरची किल्ली उचलली, दार आपटलं आणि गेला. मैलोन् मैल रस्ता. शांत झाला तेव्हा परत आला. पुढे बायको रागावली, तिनंही किल्ली उचलली. पोरगी रुसली, ती मैत्रिणीच्या गाडीत बसून गेली. घरांपुढे केवढाले रस्ते आणि रस्त्यावर चालणारं माणूस म्हणून नाही. कोपऱ्यावर पानाची टपरी नाही, रिक्षा नाही, बाकावर कोणी टेकलेला नाही. दोन तासांत त्या पडद्यावर एक माणूस आपल्या पायांनी कुठे गेला नाही. हे शेजारून हळूच सांगत होते, बघ, व्हील डावीकडे आहे. मला व्हीलचं काही पडलं नव्हतं. माझ्या डोक्यात दुसरंच चाललं होतं.

परत येताना रिक्षात मी ह्यांना विचारलं, "त्या देशात माणसाला रागवायचं असलं तरी गाडी लागते की हो. आपला धनंजय रागावला तर जातो कुठे?"

ह्यांनी चष्माही पुसला नाही. असा प्रश्न त्यांच्या सिद्धान्तात नव्हता.

घरी आलो तेव्हा जावई व्हरांड्यात उन्हात बसून मटार सोलत होता. मी समोर बसले, थोडे मटार माझ्याकडे ओढून घेतले आणि दोन दिवसांत पहिल्यांदा त्याच्याशी बोलले. तोच प्रश्न विचारला. तो आधी हसला. मग त्यानं हातातली शेंग पूर्ण सोलली, दाणे भांड्यात टाकले आणि सांगितलं, "गॅरेजमध्ये जातो, आई. गाडीत जाऊन बसतो."

"गाडीत?"

"माझ्या सीटवर. थोडा वेळ बसतो आणि परत घरात येतो."

पुढे तो बराच वेळ बोलत होता, मी ऐकत होते. तिथे दूध संपलं तरी विनया ऑफिसातून येईपर्यंत थांबायचं. केस कापायचे तरी तिला विचारायचं. ती कधी नाही म्हणत नाही, ह्याचंच ओझं वाटतं म्हणाला. आणि इथे हात केला की रिक्षा थांबते, कोणाला सांगावं लागत नाही, म्हणून तो वेड्यासारखा हिंडत होता. मला त्याच्या हिंडण्याची लाज वाटली होती, आता माझी मलाच वाटायला लागली. मी त्याला सांगितलं, की उद्यापासून पुन्हा जा. तो गेला, आणि मी रोज तो परत येईपर्यंत घड्याळ बघत होते, पण तोंडानं एक शब्द काढला नाही.

परत जायला एक दिवस उरला तेव्हा ती गोष्ट घडली. दुपारी साडेतीन-चारचा सुमार. दोघं बॅगा भरत होती. हे पलंगावर बसून वजनाचा हिशोब सांगत होते. धनंजय म्हणाला, की न्यूयॉर्कला उतरल्यावर दोन दिवस सुधीरकडे राहू, मग पुढे जाऊ. सुधीर त्याचा कोल्हापूरचा मित्र, त्याचं गाव न्यूयॉर्कपासून बरंच आत. विनया नाही म्हणाली, त्यानं आग्रह धरला, तिचा आवाज चढला. आणि मग ती बोलून गेली, "ड्राइव्ह तो मुझे करनी है ना. तुम्हारा क्या है, तुम तो बैठे रहोगे."

बोलली आणि तिचं तिलाच कळलं. पण शब्द गेला होता. धनंजयनं हातातला शर्ट घडी करून बॅगेत ठेवला. उठला आणि मागच्या अंगणात गेला. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं. अंगणात आमची स्कूटर उभी होती. तो तिच्यापाशी जाऊन, सीटवर हात ठेवून, भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

इतका उंच माणूस आणि रागवायला त्याला ह्या जगात तेवढीच जागा. मी त्याचा मफलर घेतला, पुढचं दार सताड उघडलं आणि त्याला हाक मारली.

"धनंजयराव, तिकडे काय करताय? बाहेर जायचं दार इकडे आहे."

तो आत आला. म्हणाला, "कुठे जाऊ?"

"ते मला कशाला सांगता? रागावलेला माणूस कधी सांगून जातो का?"

विनया उठून आली. एकटा नको, मन ठीक नसलं की त्याला जास्त धोका असतो, मी येते मागून, असं भराभर म्हणायला लागली. हेही चपला शोधायला लागले. मी दोघांनाही खाली बसवलं. मफलर त्याच्या गळ्यात टाकला. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग विनयाकडे, आणि त्याचं तोंड पुन्हा रागानं घट्ट मिटलं. तो गेला. जाताना फाटक असं आपटलं, की समोरच्या व्हरांड्यातल्या मालिनीबाई उठून बघायला लागल्या. मला फार बरं वाटलं.

ते बरं वाटणं दहा मिनिटंही टिकलं नाही. पाच वाजले. साडेपाचला ऊन गेलं आणि धुकं उतरायला लागलं. मी खोटं कशाला बोलू, मला सारखा तो निशातगंजच्या पुलावर पडलेला दिसत होता. ट्रक दिसत होते, गर्दी दिसत होती, नाव-गाव माहीत नसलेला माणूस म्हणून उचलून नेणारे लोक दिसत होते. मी पाठवलं होतं. काही झालं असतं तर मी माझ्या मुलीला काय तोंड दाखवणार होते? हे दोनदा फाटकापर्यंत गेले, दोन्ही वेळा मी परत बोलावलं. ज्याच्या मागावर कोणीतरी निघालंय त्या माणसाला रागावता येत नाही, एवढं मला कळत होतं.

विनया माझ्याजवळ येऊन जमिनीवर बसली आणि माझ्या मांडीवर डोकं ठेवलं. लहानपणी ठेवायची तसं. आणि मराठीत बोलायला लागली.

"आई, मी थकते गं. त्याच्यावर नाही. मला गाडी चालवायला आवडते अजून. पण मलाही कधी कधी रागावून निघून जावंसं वाटतं. किल्ली हातात असते. आणि मी गेले तर तो घरात अडकून पडेल, म्हणून मी पण जात नाही. मग आम्ही दोघं घरात बसतो."

मी तिच्या केसांवरून हात फिरवत राहिले. मी तिला एवढंच म्हटलं, की मी उगाच त्या पत्रात कमीपणा-बिमीपणा लिहिलं. तुला चालवावीशी वाटली तर चालव, नाही वाटली तर तसं सांग, पण मला यापुढे सगळं लिहीत जा. मला एकटीला बाहेर ठेवू नका. ती हो म्हणाली. मीही रडले, ती तर रडतच होती.

साडेसहाला फाटक वाजलं.

धनंजय आत आला. केसांवर धुकं होतं, बुटांना चिखल. धडधाकट होता. विनया उठून उभी राहिली, त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही. हे म्हणाले, या, बसा, चहा घ्या. तो म्हणाला, नको. मफलर काढून खुंटीला अडकवला, खुर्ची आमच्याकडे पाठ होईल अशी वळवली आणि वर्तमानपत्र घेऊन बसला. तोंड चांगलं फुगलेलं होतं. अडीच तास चालून, लखनौचे सगळे रस्ते तुडवून, त्याचा राग अजून संपला नव्हता.

मला इतका आनंद झाला, की तो लपवायला मला आत जावं लागलं. विनया त्याच्याकडे निघाली होती, तिचा हात धरून मी तिला बरोबर आणलं. ह्यांनाही खुणेनं बोलावलं. चहाला आधण ठेवलं, तिघांपुरतंच, आणि दोघांना बजावून सांगितलं, की जेवणाच्या वेळेपर्यंत त्याची समजूत काढायला कोणी जायचं नाही.